उतारावरचे चोवीस

"पण मग ते परत कसे येणार?"

"कोण?"

"माझे भालाईत! मी त्यांना मागे बोलावलंय, बुवा."

"तू बोलावलंयस," जिवाजीबुवा म्हणाले. "त्यांना कुठं ठाऊक आहे?"

उर्वीने पटाकडे पाहिलं.

समोर पटावर, निळ्या रंगाच्या नदीच्या अलीकडे, बोटाच्या पेराएवढा एक शिशाचा घोडेस्वार आडवा पडला होता. तो तिचा हरकारा. त्याच्या खोगिराखाली तिची चिठ्ठी होती, तांदळाच्या दाण्याएवढी घडी घातलेली. 'उतार सोडा. मागे या.'

हरकारा दोन विती दौडला होता. तिसऱ्या वितीला पैलतीरावरच्या बंदुकांनी त्याला टिपलं. फाशावर सहा पडले होते. सहा म्हणजे मेला.

आणि उतारावर, जिथे नदी गुडघाभर होते तिथे, उर्वीचे चोवीस भालाईत चौक करून उभे होते. त्यांच्या पोटात बारा बंदूकवाले. समोर धैर्यशीलचे तीन चौक, एकेक तिच्या दुप्पट, आणि बाजूला घोडेस्वारांचा रिसाला.

बुवांनी हरकाऱ्याला चिमटीत उचलून खिशात टाकलं.

*

कासारखिंडीच्या माळावर जिवाजीबुवांची मठी होती. बावीस वर्षं त्यांनी फौजेत काढली होती, सिग्नलमध्ये हवालदार म्हणून. मग भगवं नेसून इथे येऊन बसले. लोक त्यांच्याकडे मन शांत करून घ्यायला येत, आणि आत पाऊल टाकताच गोंधळून जात. कारण सभामंडपात देवापुढे एक लढाई मांडलेली असे.

जुन्या घराचे चार दरवाजे जोडून केलेला तो पट. त्यावर गोणपाट आणि प्लास्टरचे डोंगर, खऱ्या शेवाळाची रानं, ऑइलपेंटची नदी. देश कुठलाच नव्हता. नऊ गावं होती, एक घाट होता, आणि काळ तो, जेव्हा तोड्याची बंदूक एकदा उडाली की पुन्हा भरेपर्यंत माणसाचा जीव टांगणीला लागे. म्हणून बंदूकवाला भालाइतांच्या आडोशाला उभा राही. भालाईत बारा हातांचे भाले रोखून त्याला वेळ मिळवून देत. तो कुणाला मारत नसे फारसा. नुसता उभा राही.

एकदा शहरातला एक विद्वान गृहस्थ तो पट पाहून म्हणाला होता, "बुवा, संन्याशाला लढाई शोभते का?"

"नाही शोभत," बुवा म्हणाले होते. "म्हणून तर खेळतो."

गृहस्थ प्रसाद न घेताच गेला.

खेळायला येत ती तिघं जण. कॉलेजातली दोस्ती, आता पोटापाण्याला लागलेली. धैर्यशील वडिलांचं हार्डवेअरचं दुकान बघे. फैयाज हायस्कूलवर भूगोल शिकवी. उर्वी कॉलेजच्याच प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर. या मोहिमेत धैर्यशील चढाई करणारा. उर्वी देश राखणारी, आणि फैयाज तिचा तोफखाना. तोफखाना म्हणजे दोन तोफा आणि एका चाकाचा गाडा. दुसरं चाक दुसऱ्या रविवारी हरवलं होतं.

आज अकरावा रविवार होता.

पटाचा कायदा बुवांचा, आणि तो कडक होता. सेनापतीने दूरच्या पथकाला हात लावायचा नाही. हुकूम लिहायचा, हरकाऱ्याकडे द्यायचा. हरकारा पोचला तर हुकूम पोचला. नाही पोचला, तर पथक आधीच्या हुकुमावर चालणार. जे पथक मोडेल, त्याची माणसं मोहीम संपली की पळीत वितळवायची आणि त्या शिशाची नवी ओतायची. जे शरण येईल, ते वाचेल. पण जिंकणारा त्यावर आपला रंग चढवणार.

उर्वीच्या भालाइतांना उतारावर मागच्या रविवारी हुकूम पोचला होता.

*

"हा नियमच चुकीचा आहे," उर्वी म्हणाली.

"अकरा आठवड्यांनी कळलं?" धैर्यशील हसला.

"तू गप्प बस रे. बुवा, मी इथे उभी आहे. मला सगळं दिसतंय. त्याचे तीन चौक दिसतायत, रिसाला दिसतोय. माझ्या माणसांना वाचवायचं कसं तेही दिसतंय. आणि मी हात लावायचा नाही?"

"नाही."

"का?"

बुवांनी उत्तराऐवजी कोनाड्यातला पत्र्याचा डबा काढला. चिठ्ठ्या चाळल्या. एक उलगडून तिच्यापुढे धरली.

"वाच."

"मला माहितेय काय आहे ते."

"वाच, पोरी."

उर्वीने घसा साफ केला. "उतार धरा... पुढचा हुकूम येईपर्यंत हलू नका."

"अक्षर कुणाचं?"

"माझं."

"खाली रेघ कुणी मारली?"

"...मी."

"एक?"

"दोन," ती म्हणाली.

फैयाज खोकला. म्हणजे हसूच ते, पण बुवांसमोर तो हसू खोकल्यात घालत असे.

उर्वीला राग आला. राग आला की तिचे कान लाल होत. तिने आपली वही उघडली आणि पटाच्या कडेवर आपटली. त्या वहीत दोन शायांनी सगळं लिहिलेलं होतं. हे झालं तर काय, ते झालं तर काय, पाऊस पडला तर, पूल तुटला तर, फैयाजला सर्दी झाली तर. ती कुकरच्या शिट्टीने दचके, मागून कुणी हाक मारली तर हातातलं सांडे. म्हणून की काय, पुढचं सगळं आधीच पाहून ठेवायची तिला सवय होती. आणि पटावर त्या सवयीचा तिला फार अभिमान होता.

"अकरा रविवार झाले," ती म्हणाली. "धैर्याची तीन पथकं मोडली. माझं एक नाही. हा हरकारा सोडला तर माझा एक माणूस मेलेला नाही, बुवा. एक! मी दर वेळी वेळेवर मागे घेतलेत."

"हो ना," धैर्यशील म्हणाला. "म्हणून तर नऊतली सात गावं माझ्याकडे आहेत."

"गावं परत घेता येतात."

"घे की मग. कधी घेतेस? मी दुकान बंद ठेवतो त्या दिवशी."

"धैर्या..." फैयाज म्हणाला.

"अरे, खरं तेच बोललो."

बुवा मध्ये पडले नाहीत. त्यांनी चुलीवरून उतरवून ठेवलेला गुळाचा चहा चार पेल्यांत ओतला. गाळणी नव्हती. चहाची पूड तळाशी बसायची वाट बघायची, हीच तिथली रीत.

चौघंही वाट बघत बसले.

*

पहिला धैर्यशीलच बोलला. तो बोलायला फटकळ, पण मनाने वाईट नव्हता.

"उर्वे, हे बघ. तो फासा परत टाक."

"काय?"

"हरकाऱ्याचा. परत टाक. सहा पडले ते विसरू. मी काही म्हणणार नाही."

उर्वीने बुवांकडे पाहिलं. बुवा पेल्यात पाहत होते.

"चालेल का, बुवा?" तिने विचारलं.

"खेळ तुमचा."

"पण नियम?"

"नियम माझा. खेळ तुमचा."

उर्वीने फासा उचलला. हाडाचा जुना फासा, कडा झिजलेल्या. तिने तो मुठीत धरला. सहा सोडून काहीही चालणार होतं. एक, दोन, तीन, चार, पाच. हरकारा उठेल, उरलेल्या विती दौडेल, चिठ्ठी पोचेल, आणि चोवीस माणसं उतार सोडून घाटाकडे येतील. तिने त्यांना दोन महिने खपून ओतलं होतं. भाले म्हणजे खराट्याचे हीर, एकेक तासून बसवलेले. आपलं पहिलं ओतकाम पळीत जाताना तिला बघायचं नव्हतं. एवढंच तर होतं.

तिने मूठ हलवली.

बाहेर हौदावर कुणाची तरी घागर दगडावर आदळली. ठण्ण!

उर्वी दचकली. मूठ सुटली. फासा पटावर पडला, घाटाच्या पायथ्याशी गडगडला, थांबला.

चार.

"वाचला!" फैयाज ओरडला. "बघ, वाचला! बुवा, काढा त्याला खिशातून."

बुवांनी खिशात हात घातला.

"थांबा," उर्वी म्हणाली.

"आता काय?"

"मी टाकला नाही. पडला तो."

"पडला म्हणजे टाकलाच की गं," धैर्यशील म्हणाला. "चार आहेत. मी मान्य करतोय ना?"

"तू कोण मान्य करणारा?"

"अगं, मी शत्रू आहे! मी मान्य केल्यावर अजून कुणाचं हवंय?"

उर्वीने फासा उचलून देवापुढच्या ताम्हनात ठेवला. तिचे कान पुन्हा लाल झाले होते.

"तो मेला," ती म्हणाली. "माझा हरकारा मेलाय. सहा पडले होते. सगळ्यांनी पाहिले. मेलेला माणूस घागर वाजली म्हणून उठत नाही."

बुवांनी हात रिकामाच खिशाबाहेर काढला.

"मग पुढं?" ते म्हणाले.

"मला काय माहीत!" उर्वी म्हणाली. "वहीत नाहीये हे."

*

"बस खाली," बुवा म्हणाले.

"कुठे?"

"जमिनीवर. हितं, तुझ्या माणसांच्या मागं. पटाच्या कडेला हनुवटी लाव."

"बुवा, मी काय लहान..."

"बस."

उर्वी बसली. शेणाने सारवलेली जमीन गार होती. पटाची कड तिच्या हनुवटीला लागली आणि सगळा देश एकदम बदलला.

मघाशी वरून दिसत होते ते तीन चौक आता दिसेनात. नदीचा पैलकाठ उंच होता. त्यामागे नुसती भाल्यांची टोकं, किती ते कळत नव्हतं. रिसाला तर कुठेच नव्हता. सात गेलेली गावं नव्हती. घाट एका बाजूला राहिला होता. समोर फक्त उतार, पाणी, आणि आपली माणसं.

आपल्या माणसांच्या पाठी.

तिने एकेका पाठीवरून नजर फिरवली.

"काय दिसलं?" बुवांनी विचारलं.

"पाठी," ती म्हणाली. मग हळूच, "...रंगवल्याच नाहीत मी."

खरंच. चोवीस पाठींवर नुसता करडा हात फिरवलेला होता, तोही घाईघाईने. खांद्याशी शिसं उघडं पडलं होतं. एकाच्या पाठीवर तिच्या अंगठ्याचा ठसा होता, रंग ओला असताना उमटलेला.

"पुढून रंगवलं," उर्वी म्हणाली. "चेहऱ्यांना फार वेळ लागला. एकेकाला एक दिवस. वाटलं, पाठी कोण बघणार?"

"अकरा रविवार तू कुठं उभी होतीस?"

उर्वीने मान वर केली नाही.

"मागे," ती म्हणाली.

"आणि चेहरे कुणी बघितले?"

मग बुवांनी मान वळवली.

"धैर्या. सांग तिला."

"काय सांगू, बुवा?"

"अकरा रविवार समोर कोण दिसतं तुला?"

धैर्यशील पेल्यातल्या चहाशी खेळत राहिला. त्याला लाज वाटत होती हे उघड होतं.

"ते... म्हणजे... पहिल्या रांगेत डावीकडून तिसरा आहे ना, तो दात्या."

"कोण?" उर्वीने विचारलं.

"दात्या. त्याचे दात बाहेर आलेत. तुझा ब्रश घसरला असेल. पण हसतोय असं वाटतं. माझ्याकडे बघून हसतो लेकाचा. त्याच्या शेजारी म्हातारा आहे, पांढऱ्या मिशांचा. त्याला मी मामा म्हणतो. दुसऱ्या रांगेत एकडोळ्या. कोपऱ्यात एक पोरगेलासा आहे, त्याच्या भुवया वर गेलेल्या. तो कायम दचकलेला."

फैयाज पुन्हा खोकला.

"हसू नकोस," धैर्यशील म्हणाला. "चौथ्या रविवारी पुलावर मी याच पथकावर चालून गेलो होतो. आठवतं? फासे माझे होते. मी दोन वेळा थांबलो. तो दचकलेला बघतोय म्हणून थांबलो. मला वाटलं, हा एवढा घाबरलाय आणि तरी भाला खाली नाही आलेला याचा. मग तूच त्यांना मागे घेतलंस. मला तर बरंच वाटलं."

उर्वी पाठींकडे पाहत होती. कोपऱ्यातल्याची पाठ इतरांसारखीच. करडी.

"तुझ्याकडे सगळ्यांची नावं आहेत?" तिने विचारलं.

"चोवीसच्या चोवीस. दुकानात गिऱ्हाईक नसलं की काय करणार?"

"माझ्याकडे नंबर आहेत नुसते," उर्वी म्हणाली.

*

धैर्यशील पटाला वळसा घालून तिच्याजवळ आला आणि उकिडवा बसला.

"म्हणूनच म्हणतो, ऐक. शरण आण त्यांना. आता वादाचं नाही बोलत. तीन चौक आहेत माझे. पहिला तुझे बारा बंदूकवाले थोपवतील. दुसरा भाले थोपवतील. तिसऱ्याला कोण आहे? मोडणार ते. आणि मोडले की पळी. दात्या पळीत, मामा पळीत... मला नाही बघवणार ते. शरण आलेत तर माझ्याकडे राहतील. चेहऱ्यांना हात लावणार नाही मी. आईची शपथ. फक्त अंगरखे पिवळे करीन. पाठीसुद्धा नीट रंगवीन."

फैयाज म्हणाला, "उर्वी, वाईट नाही हे. मोहीम तशीही गेलेलीच आहे. पोरं तरी वाचतील."

"हरकारा कुठेय माझा शरणाचा हुकूम न्यायला?" उर्वीने विचारलं.

"माझा नेईल. पांढरं निशाण लावून. बुवा, चालतं ना?"

"चालतं," बुवा म्हणाले. "सेनापतीची सही असली की चालतं."

त्यांनी डब्यातून कोरी चिठ्ठी काढली. पेन्सिल काढली. दोन्ही तिच्यापुढे पटाच्या कडेवर ठेवली, अगदी चोवीस पाठींच्या मागे.

उर्वीने चिठ्ठीकडे पाहिलं.

सगळं बरोबर होतं. तिला त्यात एक चूक सापडेना. अकरा रविवार ती हेच तर करत आली होती, माणसं वाचवत. वहीत असतं तर या प्रसंगापुढे तिने हेच लिहिलं असतं, निळ्या शाईने. चोवीस वाचतात. पिवळ्या अंगरख्यात का होईना, दात्या हसत राहतो. फक्त पुढच्या मोहिमेत तो तिच्यावर चालून येईल.

पाठी हलत नव्हत्या.

पुढे काय आहे ते त्या पाठींना तिच्याइतकं ठाऊक नव्हतं. हरकारा मेला तेही ठाऊक नव्हतं. सात गावं गेली, मोहीम संपली, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्याकडे एकच कागद होता, तिच्या अक्षरातला, खाली दोन रेघा मारलेला.

"बुवा, त्यांनी उभं राहून होणार काय?" तिने विचारलं. आवाज बारीक होता. "काही उपयोग आहे का?"

"भालाईत काय करतो?"

"उभा राहतो."

"कशासाठी?"

"मागचा बंदूक भरेपर्यंत."

"मग?"

"मग तो उडवतो. मग पुन्हा भरतो."

"आणि हा?"

"...उभा राहतो."

बुवांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

"सही कर," ते म्हणाले.

उर्वीने चमकून वर पाहिलं.

"धैर्या बरोबर बोलतोय," बुवा म्हणाले. "फैयाज बरोबर बोलतोय. हिशेब सरळ आहे. सही कर आणि ऊठ."

"बुवा, तुम्हीसुद्धा?"

"मी पंच आहे. दुपार चाललीय. सही कर."

उर्वीने पेन्सिल उचलली. चिठ्ठी ओढली. 'उ' लिहिला.

मग तिने कोपऱ्यातल्या पाठीकडे पाहिलं, त्या दचकलेल्याच्या. त्याच्याच पाठीवर तो अंगठा होता. तिने आपला अंगठा पुढे केला, लावला नाही. नियम होता.

तिने चिठ्ठी चुरगळली.

"नाही."

"काय नाही?"

"नाही करणार. पिवळा माणूस माझा कागद घेऊन आला तर त्यांनी तो का मानावा? मी त्यांच्या जागी असते तर मानला नसता. म्हटलं असतं, हा डाव आहे. आमचा सेनापती असं लिहिणार नाही."

"लिहिलं असतंस की. पहिलं अक्षर लिहून झालं होतं," बुवा म्हणाले.

"हो. झालं होतं."

"उर्वे, पळी..." धैर्यशील म्हणाला.

"असू दे पळी!" ती ओरडली. स्वतःच्याच आवाजाने ती किंचित दचकली, पण थांबली नाही. "मोडले तर पळीत जातील. मीच टाकीन. एकेकाला नावाने टाकीन, तू शिकव मला नावं. पण करड्या पाठींनी तुझ्या फौजेत नाही जाणार ते. आणि मोडतीलच हे तुला कुणी सांगितलं? ये ना. पाण्यात उतर आधी."

धैर्यशील उभा राहिला. त्याने बुवांकडे पाहिलं.

जिवाजीबुवांनी पेला खाली ठेवला. ते ताठ झाले. भगवी कफनी तीच, पण तिच्या आतून कुणी दुसराच माणूस उभा राहिल्यासारखा झाला.

"उर्वी!"

तो आवाज तिघांनीही कधी ऐकला नव्हता. बावीस वर्षं मैदानावर वापरलेला आवाज होता तो. हौदावरच्या बायासुद्धा बोलायच्या थांबल्या.

"ऊठ! नवी चिठ्ठी घे! सही कर! हा माझा हुकूम आहे!"

उर्वीचं सगळं अंग शहारलं. पेन्सिल हातातून सुटून जमिनीवर घरंगळली. ती तिने उचलली नाही. डोळ्यांत पाणी आलं, तेही पुसलं नाही. हनुवटी होती तिथेच ठेवली, पटाच्या कडेवर, चोवीस पाठींच्या मागे.

"ऐकू आलं नाही, बुवा," ती म्हणाली.

"काय?"

"इथवर ऐकू येत नाही तुमचं. नदी फार वाजते."

...

ऑइलपेंटची नदी. ती निळी चकचकत होती.

फैयाज खोकला नाही.

धैर्यशील सावकाश आपल्या बाजूला गेला. त्याने पहिला चौक दोन्ही हातांनी उचलला आणि पाण्याच्या कडेला आणून ठेवला. भाल्यांची टोकं समोरासमोर आली. ताम्हनातला फासा त्याने उचलला, मूठ वळली, पण मूठ काही उघडेना. तो समोरच्या चेहऱ्यांकडे बघत राहिला.

बुवा त्याच्याकडे पाहत नव्हते. ते एक हात गुडघ्यावर दाबत, कण्हत, हळूहळू खाली आले आणि उर्वीशेजारी जमिनीवर बसले. पटाच्या कडेला आपली पांढरी दाढी टेकवली. तिच्याइतक्याच उंचीवरून, त्याच पाठींमागून, पैलतीराकडे पाहिलं.

"फैयाज," ते म्हणाले, "खिडक्या उघड बाबा. आता बंदुकांचा धूर होईल."